लंडनमध्ये मानवी हक्कांची वकिली करायचीय? भारतीय एलएलबीपासून पुपिलेजपर्यंतचा रस्ता

दर हिवाळ्यात मला लॉच्या मुलामुलींचे साधारण एकाच मजकुराचे मेसेज येतात. "ताई, लंडनला एलएलएम करून बॅरिस्टर होता येईल ना? मला ह्यूमन राइट्समध्ये काम करायचंय." प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. मी पुण्यात एलएलबी केलं, मुंबई हायकोर्टात रिट मॅटर्स करणाऱ्या सिनिअरांकडे ज्युनिअरशिप केली आणि मग या वाटेने गेले. खालचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. बॅरिस्टर ही उपाधी मिळणं आणि बॅरिस्टर म्हणून कोर्टात उभं राहायला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पैसा आणि अभ्यास यांच्या जोरावर जमते. दुसरी पुपिलेजवर ठरते. पुपिलेज म्हणजे चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांच्या एकत्रित कार्यालयात) बारा महिन्यांचं उमेदवारीचं काम. इंग्लंडभर वर्षाला अशा जागा पाचशे-सहाशेच्या आसपास असतात, अर्ज हजारोंनी येतात, आणि त्यातल्या सार्वजनिक कायदा व मानवी हक्कांच्या जागा थोड्याच. म्हणून नियोजन पुपिलेजपासून सुरू करा आणि तिथून मागे मागे आजपर्यंत या.

१. हे काम नेमकं काय असतं ते आधी बघून घ्या

आपल्याकडे घटनेच्या कलम २२६ खाली रिट दाखल होते, तसं तिकडे ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे प्रशासनाच्या निर्णयाला कोर्टात आव्हान. हे खटले हायकोर्टाच्या अॅडमिनिस्ट्रेटिव्ह कोर्टात चालतात. ते लंडनमध्ये स्ट्रँडवरच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये बसतं आणि बर्मिंगहॅम, लीड्स, मँचेस्टर, कार्डिफ इथेही त्याचं काम चालतं. निर्वासितांचे दावे, तुरुंगातल्या कैद्यांचे हक्क, अपंग आणि वृद्धांच्या देखभालीची जबाबदारी, विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण, पोलिस कोठडीतल्या मृत्यूंची चौकशी, ग्रेनफेल टॉवरच्या आगीसारख्या प्रकरणांतल्या सार्वजनिक चौकश्या, हे सगळं याच वकिलांच्या टेबलावर येतं.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. आश्रय मागायला आलेला एक मुलगा म्हणतो, मी सोळा वर्षांचा. स्थानिक काउन्सिल म्हणते, नाही, तू प्रौढ आहेस. एवढ्या एका निर्णयावर त्याचं राहणं, शाळा, सगळं अवलंबून असतं, कारण अठराखालच्या मुलाला सांभाळण्याची जबाबदारी १९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टप्रमाणे काउन्सिलवर येते. सॉलिसिटर, म्हणजे अशिलाशी थेट काम करणारा वकील, आधी काउन्सिलला दावापूर्व पत्र पाठवतो आणि उत्तराला साधारण चौदा दिवस देतो. उत्तर समाधानकारक नसेल तर दावा दाखल होतो. मग कोर्टाची परवानगी लागते. न्यायाधीश आधी कागदांवरूनच ठरवतात की मुद्दा ऐकण्याजोगा आहे की नाही. या असल्या वादात मुलाचं वय काय ही वस्तुस्थिती कोर्ट स्वतः ठरवू शकतं, हे ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २००९ साली क्रॉयडन काउन्सिलच्या प्रकरणात सांगितलं. एरवी ज्युडिशियल रिव्ह्यूत कोर्ट स्वतःचा निर्णय प्रशासनाच्या निर्णयाच्या जागी ठेवत नाही.

आपल्याकडून जाणाऱ्यांना दोन फरक जड जातात.

पहिला फरक मुदतीचा. रिटला आपल्याकडे ठरावीक मुदत नाही, उशिराचं कारण सांगता येतं. तिकडे दावा "ताबडतोब आणि कोणत्याही परिस्थितीत तीन महिन्यांच्या आत" करावा लागतो. नगररचनेच्या प्रकरणांत तर सहाच आठवडे. मानवी हक्क कायद्याखाली थेट दावा असेल तर सर्वसाधारणपणे एक वर्ष.

दुसरा फरक कोर्टाच्या ताकदीचा. संसदेने केलेला कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द करण्याची सवय आपल्याला कलम १३ मुळे लागलेली असते. तिकडे संसदेचा कायदा कोर्ट रद्द करू शकत नाही. १९९८ चा ह्यूमन राइट्स अॅक्ट २ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ३ सांगतं, शक्य असेल तिथवर कायद्याचा अर्थ हक्कांशी सुसंगत लावा. ते जमत नसेल तर कलम ४ खाली विसंगतीची घोषणा करा. त्या घोषणेनंतरही कायदा संसद बदलेपर्यंत लागूच राहतो. २००४ साली बेलमार्श तुरुंगात बिनखटला डांबलेल्या परदेशी नागरिकांच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) हेच केलं. पुपिलेजच्या मुलाखतीत "कोर्टाने तो कायदा रद्द केला" असं तोंडून गेलं, तर समोरच्यांना कळतं की या उमेदवाराने मूळ चौकटच समजून घेतलेली नाही.

घरबसल्या करता येण्याजोगं काम म्हणजे ऐकणं आणि वाचणं. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाच्या सुनावण्या थेट दाखवल्या जातात, निकाल नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एखादी सुनावणी पूर्ण ऐका आणि मग त्याच प्रकरणाचा निकाल वाचा. वकिलांचा आवाज किती खाली असतो आणि न्यायाधीशांच्या प्रश्नाला थेट उत्तर देण्याला किती महत्त्व आहे, ते लगेच लक्षात येईल.

२. तुमचा दरवाजा कोणता ते ठरवा

भारतीय एलएलबीधारकासाठी सरळ असे दोन दरवाजे आहेत.

पहिला: सनद नाही किंवा अनुभव फार थोडा आहे. अशांनी सहसा इंग्लंडचा रूपांतर अभ्यासक्रम, म्हणजे जीडीएल, करायचा. करार, अपकृत्य, फौजदारी, सार्वजनिक कायदा, जमीन, इक्विटी व ट्रस्ट आणि युरोपियन युनियनचा कायदा, असे त्यात पायाभूत विषय असतात. त्यानंतर बार कोर्स, म्हणजे बॅरिस्टरांचा व्यावसायिक अभ्यासक्रम, मग पुपिलेज.

दुसरा: सनद आहे आणि कोर्टात स्वतः उभं राहून बऱ्यापैकी काम केलेलं आहे. अशांनी बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे (बॅरिस्टरांचं नियमन करणारी संस्था) परदेशातील पात्र वकील म्हणून अर्ज करावा. अनुभव किती, कुठल्या कोर्टात आणि कशा मॅटर्समध्ये, हे पाहून बोर्ड कोणती सूट द्यायची आणि बार ट्रान्सफर टेस्टचे, म्हणजे अशा वकिलांसाठीच्या परीक्षेचे, कोणते भाग द्यायला लावायचे ते ठरवतं. पुपिलेजमधून सूट मिळाली तरी चेंबर्समध्ये जागा आपोआप मिळत नाही, म्हणून अनेक जण सूट असूनही पुपिलेज करतात.

आता सगळ्यात महागडा सापळा. एलएलएम हा या दोन्हींपैकी एकही दरवाजा नाही. मानवी हक्कांमधलं एक वर्षाचं एलएलएम विद्वत्तेसाठी उत्तम, पण त्याने रूपांतर अभ्यासक्रमाची गरज संपत नाही. बार कोर्सला जोडून एलएलएम देणारे अभ्यासक्रम असतात. त्यातला बार कोर्स हाच कामाचा भाग. परदेशी शिक्षणाचे एजंट ही गोष्ट सांगत नाहीत, कारण त्यांचं कमिशन विद्यापीठाच्या प्रवेशावर असतं. तुमच्या पदवीवर नेमकं काय करावं लागेल, हे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेकडून आणि बोर्डाकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर घर गहाण टाकू नका.

३. इन निवडा, आणि वेळेत

लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन, या बॅरिस्टरांच्या चार जुन्या संस्थांपैकी, म्हणजे इन्सपैकी, एकीचं सभासद झाल्याशिवाय बार कोर्स करता येत नाही. अर्ज कोर्स सुरू व्हायच्या किमान बारा आठवडे आधी जायला हवा, कारण तुमचं चारित्र्य व्यवसायाला योग्य आहे की नाही याची तपासणी इन करतं. कॉलेजातल्या आंदोलनात जमावबंदीची केस अंगावर पडली असेल, परीक्षेत कधी कारवाई झाली असेल, तर ती लपवू नका. केस असण्यापेक्षा लपवणं कितीतरी जास्त नडतं.

मराठी मुलांचा ओढा ग्रेज इनकडे असतो, आणि तो मला समजतो. बाबासाहेब तिथूनच १९२२ साली बॅरिस्टर झाले. लिंकन्स इनमधून १९२३ साली बॅरिस्टर झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकच्या. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्या १८९२ मध्येच पास झाल्या होत्या, पण बायकांना बारचा दरवाजा उघडायला १९१९ चा कायदा यावा लागला. भावनेने इन निवडलं तर काही बिघडत नाही. शिकवण, ग्रंथालय, जेवणं सगळीकडे चांगली आहेत. फक्त शिष्यवृत्तीसाठी एकाच इनकडे अर्ज करता येतो, म्हणून मुलाखत कुणाकुणाला देतात आणि घरच्या उत्पन्नाचा विचार कसा करतात, हे चारही ठिकाणचं आधी वाचा.

इनच्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते, आणि ती *पुढच्या* सप्टेंबरच्या कोर्ससाठी. बहुतेक भारतीय मुलांना हे कळतं तेव्हा डिसेंबर उजाडलेला असतो.

बारमध्ये अधिकृत प्रवेश मिळण्यापूर्वी इनमध्ये दहा क्वालिफाइंग सेशन्स पूर्ण करावी लागतात: व्याख्यानं, सराव खटले, जेवणं. जेवणाला हलक्यात घेऊ नका. तुमच्या क्षेत्रातले वरिष्ठ वकील शेजारी बसून सहज बोलतात अशी दुसरी जागा मला तिकडे सापडली नाही.

४. बार कोर्स आणि पैशाचं गणित

फी संस्थेनुसार खूप बदलते, दहा-बारा हजार पाउंडांपासून अठरा-वीस हजारांपर्यंत. इन्सनी स्वतः उभारलेल्या इन्स ऑफ कोर्ट कॉलेज ऑफ अॅडव्होकसीच्या कोर्सचा पहिला भाग घरी बसून करता येतो, त्यामुळे लंडनच्या भाड्याचे काही महिने वाचतात. दिवाणी आणि फौजदारी प्रक्रियेच्या परीक्षा बोर्ड स्वतः घेतं. त्यांचा अभ्यास पहिल्या आठवड्यापासून धरा. इंग्रजीची अट कडक आहे: आयईएलटीएसमध्ये प्रत्येक विभागात ७.५. सरासरी चालत नाही. आपली मुलं बहुधा लेखनाच्या विभागात अडकतात.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती यांच्याबद्दल खूप विचारलं जातं. पहिली पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहे, दुसरी एका वर्षाच्या मास्टर्ससाठी, आणि चेव्हनिंग घेतल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. बार कोर्सचा खर्च त्यातून निघेल असं गृहीत धरून कर्ज काढू नका.

बार कोर्स संपला की पुपिलेज सुरू करायला पाच वर्षं असतात. पुपिलेजचा अर्ज एकदाही केलेला नसताना कोर्सची फी भरावी का? माझं मत स्पष्ट आहे: घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी पुपिलेज किंवा मोठी शिष्यवृत्ती हातात घ्या, मग फी भरा. कोर्स पूर्ण होण्याआधीच पुपिलेजचा अर्ज करता येतो.

५. हातात खरी प्रकरणं घ्या

या क्षेत्रातली चेंबर्स अर्जात एकच गोष्ट शोधतात: या माणसाने सत्तेपुढे कमजोर असलेल्या माणसाची बाजू कधी खरोखर मांडली आहे का? निबंध स्पर्धा आणि मूट कोर्ट चांगलंच, पण तेवढ्याने भागत नाही.

लंडनमध्ये पोचल्यावर पहिलं नाव नोंदवा फ्री रिप्रेझेंटेशन युनिटमध्ये, म्हणजे लोकांची बाजू मोफत मांडणाऱ्या संस्थेत. प्रशिक्षण आणि परीक्षा झाली की विद्यार्थ्यालाही न्यायाधिकरणात खऱ्या अशिलाची बाजू मांडता येते. तिथे येणारा एक प्रकार म्हणजे अपंगत्वाच्या भत्त्याचं अपील. चालण्याच्या निकषात वीस मीटरची रेषा असते: माणूस तेवढंही चालू शकत नसेल तर बारा गुण आणि वरचा दर, वीस ते पन्नासच्या मध्ये असेल तर गुण कमी. सरकारी मूल्यमापनात लिहिलेलं असतं, "गाडीपासून दारापर्यंत चालत आले." तुमचं काम असतं नियमातले चार शब्द पकडणं: सुरक्षितपणे, स्वीकारार्ह पद्धतीने, पुन्हा पुन्हा, आणि वाजवी वेळेत. दारापर्यंत आले, पण किती वेळा थांबून? परत जाता आलं का? दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता आलं का? अशिलाला हे प्रश्न अवघडल्याशिवाय विचारायला शिकलात, तर अर्धी पब्लिक लॉ वकिली आली असं समजा.

स्टुडंट व्हिसावर सत्राच्या काळात कामाची मर्यादा साधारण आठवड्याला वीस तास आहे आणि ठरलेल्या कामाचं बिनपगारी स्वयंसेवी कामही त्यात धरलं जाऊ शकतं. विद्यापीठाच्या व्हिसा कक्षाला विचारून घ्या.

मिनी-पुपिलेज, म्हणजे काही दिवस चेंबर्समध्ये सावलीसारखं फिरणं, दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी करा. एक तरी अशा ठिकाणी जे सरकारची बाजूही लढतं. या क्षेत्रातले कित्येक चांगले वकील अॅटर्नी जनरलच्या पॅनेलवर (सरकारची बाजू लढणाऱ्या वकिलांच्या यादीत) असतात, आणि कॅब रँक नियमामुळे आपल्या कामातलं प्रकरण पक्षकार आवडत नाही म्हणून नाकारता येत नाही. हे पटत नसेल, फक्त एकाच बाजूने लढायचं असेल, तर सॉलिसिटर किंवा संस्थेतलं काम तुम्हाला जास्त मानवेल. त्यात कमीपणा काही नाही. प्रकरण शोधणं, अशिलाचा विश्वास मिळवणं, पुरावा गोळा करणं हे सगळं सॉलिसिटरच करतो. भारतात सनद घेतलेल्यांना सॉलिसिटर होण्याच्या एसक्यूई परीक्षेचा तो मार्ग तुलनेने मोकळा आहे.

६. पुपिलेजचा अर्ज

सगळ्या जागा पुपिलेज गेटवे या अर्जांच्या ऑनलाइन पोर्टलच्या वेळापत्रकाने भरल्या जातात. नोव्हेंबरअखेर जाहिराती दिसू लागतात, जानेवारीत अर्ज सुरू होतात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंद होतात, मेमध्ये निकाल. गेटवेवरून जास्तीत जास्त वीस ठिकाणी अर्ज करता येतो. बहुतेक चेंबर्स *पुढच्या* वर्षीच्या शरद ऋतूतली जागा भरत असतात, म्हणजे निवड झाल्यावरही वर्ष-सव्वा वर्ष थांबावं लागतं.

डाउटी स्ट्रीट, मेट्रिक्स, गार्डन कोर्ट, ब्लॅकस्टोन, ११ केबीडब्ल्यू, लँडमार्क अशी नावं ऐकून सगळीकडे एकच मजकूर चिकटवू नका. गार्डन कोर्टला निर्वासित आणि घरांच्या प्रश्नांबद्दल जे सांगाल ते, सरकार आणि कंपन्यांचंही काम करणाऱ्या चेंबर्सला तसंच्या तसं लागू होत नाही.

भारतीय अनुभव कसा लिहायचा हा खरा कळीचा प्रश्न. "हायकोर्टात अनेक जनहित याचिकांमध्ये सिनिअरना साहाय्य केलं" हे वाक्य वाचून इंग्लिश वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. असं लिहा: "वनहक्क कायद्याखाली दावा फेटाळलेल्या आदिवासी शेतकऱ्यासाठी याचिकेचा मसुदा मी केला. ग्रामसभेचा ठराव विचारात न घेता जिल्हास्तरीय समितीने कारणं न देता निर्णय दिला, हा मुद्दा मी काढला. कोर्टाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं." कोण, सत्ता कुणाची, चूक कोणती, तुम्ही स्वतः काय केलं, पुढे काय झालं. कारणं न देणं, संबंधित बाब विचारात न घेणं, सुनावणी न देणं, हे मुद्दे इंग्लिश वकिलाला घरचे वाटतात. औरंगाबाद खंडपीठात किंवा तालुक्याच्या कोर्टात केलेलं काम लपवू नका. इंग्लंडच्या कॉलेजातून सरळ आलेल्या मुलांकडे ते नसतं. अशिलाची ओळख मात्र कुठेही उघड होऊ देऊ नका.

मुलाखतीत एक प्रश्न चालू घडामोडींचा आणि एक कायद्याचा असतो. कायद्याच्या प्रश्नात प्रमाणबद्धतेची कसोटी हमखास लागते. ती आपल्या मुलांना खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी निकालातून माहीत असते. इंग्लंडमध्ये २०१३ च्या बँक मेलॅट निकालातले चार टप्पे याच क्रमाने मांडा: हेतू पुरेसा महत्त्वाचा आहे का, उपाय त्याच्याशी तर्काने जोडलेला आहे का, कमी त्रासाचा मार्ग होता का, आणि शेवटी तोल साधला आहे का. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ऑल्गा टेलिस प्रकरणाचा अभिमान बाळगा, त्याचा उल्लेखही करा, पण उपजीविकेच्या हक्कातून निवाऱ्याचा हक्क असा युक्तिवाद तिकडे चालेल असं समजू नका. तिकडे बेघर माणसाचं प्रकरण १९९६ च्या हाउसिंग अॅक्टच्या सातव्या भागातून सुरू होतं. आधी कायद्याचं कलम, मग मानवी हक्क.

तुमच्या मताविरुद्ध बाजू मांडायला सांगतील. मांडा, आणि पूर्ण जोर लावून मांडा.

७. व्हिसा

स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही, आणि पुपिलेजच्या दुसऱ्या सहामाहीत तुम्ही स्वतः अशील घेता. पुपिलेजसाठी इंग्लंडचं बार कौन्सिल प्रायोजक होऊ शकतं. त्यासाठी चेंबर्सला निवडीनंतर लगेच कळवा. अभ्यासानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय चालतो, पण वर सांगितलेल्या वर्ष-सव्वा वर्षाच्या प्रतीक्षेत त्याचा बराच काळ संपून जातो. म्हणून दोन्ही तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा. टेनन्सी, म्हणजे चेंबर्समध्ये कायमची जागा, मिळाल्यावर कोणता व्हिसा लागेल हे त्या चेंबर्सला अर्जाआधीच नम्रपणे विचारा. अशा प्रश्नाने कुणी नाराज होत नाही.

८. मिळकत

पुपिलेजला किमान मानधन ठरलेलं आहे. २०२५ साली लंडनसाठी ते वर्षाला सुमारे २४ हजार पाउंड होतं. व्यापारी कामही करणारी मोठी चेंबर्स त्याच्या तिप्पट किंवा अधिक देतात, निव्वळ मानवी हक्कांची चेंबर्स सहसा बरंच कमी. पुढे सरकारी कायदेशीर मदतीतून येणारे पैसे कमी आणि उशिरा मिळतात. २०१२ च्या कायद्याने ही मदत खूप कापली. सुरुवातीच्या वर्षांत शिक्षणाचं कर्ज आणि लंडनचं भाडं एकदम अंगावर येतं, म्हणून घरच्यांशी आकड्यांत बोला.

९. परत यायचं असेल तर

इंग्लंडच्या बारचा प्रवेश म्हणजे भारतातली सनद नव्हे. अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये बॅरिस्टरांना जी थेट वाट होती ती ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बारमध्ये प्रवेश मिळालेल्यांसाठी. भारतीय एलएलबी हातात असेल तर जाण्याआधी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद काढून ठेवा आणि ऑल इंडिया बार एक्झाम देऊन टाका.

कागदपत्रं

- एलएलबीचं पदवी प्रमाणपत्र आणि सर्व सत्रांच्या गुणपत्रिका. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ लागतो, आधी अर्ज करा
- सनद आणि बार कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं प्रमाणपत्र
- हजर राहिलेल्या प्रकरणांची यादी: केस क्रमांक, तारीख, तुमचं नाव नोंदलेल्या आदेशांच्या प्रती. ट्रान्सफरच्या अर्जाला हाच मुख्य पुरावा. ई-कोर्ट्सवरून आजच उतरवून ठेवा
- दोन शिफारसपत्रं, त्यातलं एक तुम्हाला कोर्टात काम करताना पाहिलेल्या सिनिअरचं
- आयईएलटीएसचा निकाल
- पासपोर्ट कार्यालयाचं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट
- मान्यताप्राप्त केंद्रातला क्षयरोग चाचणीचा दाखला
- राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचं बँकेचं पत्र. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी व्हिसा नाकारला जातो
- नावात फरक असेल तर, म्हणजे पदवीवर वडिलांचं नाव मध्ये आणि पासपोर्टवर नाही किंवा लग्नानंतर बदल, राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र. आपल्याकडच्या अर्जांत सगळ्यात जास्त खोळंबा यानेच होतो, तेव्हा या यादीतलं पहिलं काम हेच हाती घ्या